काचेबाहेरचे आईबाप

मार्गारेट माइल्स आणि मेल्बा कार्टर या दोन अमेरिकी परिचर्या-संशोधकांनी १९८०च्या दशकात एक प्रश्नावली तयार केली. मुलांच्या अतिदक्षता विभागात, म्हणजे पीआयसीयूत, ज्यांचं मूल दाखल आहे त्या आईवडिलांना नेमका कशाचा त्रास होतो, हे तिच्यातून मोजायचं होतं. यंत्रांचे आवाज, अंगावरच्या नळ्या, सुया टोचताना पाहणं, मुलाचं पालटलेलं रूप, डॉक्टरांचं बोलणं, कर्मचाऱ्यांची वागणूक, असे तिचे भाग होते. त्यातच एक भाग होता आईबापपणाचा: आपल्या मुलाला आपण उचलू शकत नाही, भरवू शकत नाही, त्याचं दुखणं थांबवू शकत नाही. पुढे नवजात बाळांच्या विभागासाठीही अशीच प्रश्नावली झाली आणि दोन्ही अनेक देशांत वापरल्या गेल्या. नळ्या आणि यंत्रं यादीत सर्वांत वर येतील, असं कुणालाही वाटेल. ती वर आलीही. पण त्यांच्या बरोबरीनं, कित्येक अभ्यासांत त्यांच्याही वर, आला तो हा आईबापपण हातातून गेल्याचा मुद्दा.

आपल्याकडे 'बाळाला काचेत ठेवलंय' हे तीन शब्द फोनवर ऐकले की सगळ्या घराचा श्वास अडकतो. त्यानंतरची सगळी धावपळ काचेच्या आतल्या जीवासाठी होते, आणि ते योग्यच आहे. काचेच्या बाहेर उभ्या असलेल्या दोघांचं काय होतं, हा प्रश्न मागे पडतो. गेल्या पन्नास वर्षांतलं वैद्यकशास्त्र मात्र सांगतं की हा प्रश्न केवळ सहानुभूतीचा नाही. आईबाप जवळ असणं हे उपचाराचंच एक अंग आहे आणि त्यांना दाराबाहेर ठेवलं की उपचारात तूट येते.

दार बंद कसं झालं

आजचा अतिदक्षता विभाग एका साथीतून जन्माला आला. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ होती. श्वासाचे स्नायू लुळे पडून मुलं गुदमरत होती. २७ ऑगस्टला ब्लेगडाम रुग्णालयात बियोर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत छेद करवून नळी घातली आणि रबरी पिशवी हातानं दाबून तिच्या फुफ्फुसांत हवा भरली. मुलगी वाचली. पण इतक्या रुग्णांना पुरतील एवढी यंत्रं नव्हती. मग सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून, रात्रंदिवस, खाटेशेजारी बसून पिशव्या दाबत राहिले. गंभीर रुग्ण एका जागी आणायचे आणि त्यांच्यापाशी सतत कुणीतरी असायचं, ही कल्पना तिथे रुजली. खास मुलांसाठीचा असा पहिला विभाग १९५५ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गला ग्योरान हागलुंड यांनी सुरू केला.

म्हणजे या विभागाचा पाया खाटेशेजारी बसलेल्या माणसावरच उभा होता. त्या माणसांत आईबाप मात्र नव्हते. त्या काळी मुलांच्या साध्या वॉर्डातही त्यांना जागा नव्हती. १९४९ साली लंडनच्या रुग्णालयांतल्या भेटीच्या वेळांची पाहणी झाली. गाईज रुग्णालयात रविवारी दुपारी दोन ते चार एवढीच भेट. सेंट थॉमसमध्ये पहिला महिना भेट मुळीच नाही. संध्याकाळी सात ते आठ, मूल झोपलेलं असताना, फक्त पाहून जायचं. कारणं दोन सांगितली जात. बाहेरून जंतू येतील, आणि आई येऊन गेली की मूल रडतं. पहिलं कारण त्या काळात खरं वाटण्याजोगं होतं. दुसऱ्यात निरीक्षण बरोबर होतं, अर्थ चुकीचा होता. आई दिसल्यावर रडणारं मूल परिचारिकांना त्रासदायक वाटे आणि गप्प पडून राहिलेलं मूल 'रुळलं' असं समजलं जाई.

जेम्स रॉबर्टसन या समाजसेवकाने ही समजूत मोडली. त्याने १९५२ मध्ये दोन वर्षांच्या एका मुलीचा चित्रपट काढला. छोट्या शस्त्रक्रियेसाठी ती आठ दिवस आईविना रुग्णालयात राहिली होती. फार आरडाओरडा ती करत नाही. दिवसेंदिवस नुसती मिटत जाते. डॉक्टरांच्या सभेत हा चित्रपट दाखवला तेव्हा अनेकांना राग आला. तरी सात वर्षांनी, १९५९ साली, ब्रिटनमधल्या प्लॅट समितीने मुलांच्या वॉर्डात आईवडिलांना कधीही येऊ द्यावं अशी शिफारस केली. साधे वॉर्ड हळूहळू उघडले. अतिदक्षता विभागाचं दार त्यानंतरही बराच काळ बंद राहिलं, कारण तिथे यंत्रं होती, गर्दी नको होती आणि जंतूंची भीती जास्त होती.

या दारासमोर सत्ता आणि पैसा यांचाही उपयोग नसतो. ७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना मुलगा झाला. साडेपाच आठवडे आधी जन्मलेलं हे बाळ सुमारे दोन किलो शंभर ग्रॅमचं होतं. त्याला श्वास घेता येईना. त्याला बोस्टनला हलवलं गेलं, उच्च दाबाच्या प्राणवायूच्या दालनात ठेवलं गेलं आणि जन्मानंतर ३९ तासांनी ते गेलं. वडील बोस्टनमध्ये होते. आईचं सिझेरियन झालेलं. ती दुसऱ्याच रुग्णालयात खाटेवर पडून होती. बाळ एका गावी, ओली बाळंतीण दुसऱ्या गावी आणि बाप दोन्हींच्या मध्ये, हे चित्र आपल्या तालुक्यातालुक्यातल्या घरांना आजही परकं नाही.

त्या बाळाचा आजार फुफ्फुसातल्या सर्फॅक्टंट नावाच्या द्रवाच्या अभावाचा होता. हा द्रव नसला की ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बाजू एकमेकींना चिकटाव्यात तसे फुफ्फुसातले सूक्ष्म फुगे मिटून जातात. हे कारण मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्येच दाखवलं होतं. औषध यायला वेळ लागला. १९८० साली जपानच्या फुजिवारा यांनी बाहेरून सर्फॅक्टंट देऊन बाळं सुधारत असल्याचं प्रसिद्ध केलं. आज त्या वजनाचं, तेवढ्या दिवसांचं बाळ महाराष्ट्रातल्या चांगल्या जिल्हा रुग्णालयातही बहुधा वाचतं.

आत काय चाललेलं असतं

पहिल्यांदा आत जाणाऱ्या आईबापांना मूल दिसतच नाही. आधी यंत्रं दिसतात. म्हणून त्यांची ओळख असलेली बरी.

खाटेच्या डोक्याशी जो पडदा असतो तो मॉनिटर. त्यावर हृदयाचे ठोके, रक्तातला प्राणवायू, श्वासाची गती आणि रक्तदाब दिसतो. मोठ्या माणसाचे ठोके मिनिटाला साठ ते शंभर असतात; नवजात बाळाचे ११० ते १६० हे सामान्यच असतात. त्यामुळे १४०चा आकडा पाहून बापाच्या पोटात गोळा येतो तेव्हा परिचारिका शांत असते, याचं कारण बेफिकिरी नव्हे. प्राणवायूचंही तसंच. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला कृत्रिम प्राणवायू देताना तो साधारण ९० ते ९५ टक्क्यांमध्ये ठेवतात. 'शंभर का होत नाही?' असं आजी विचारते. जास्त प्राणवायूने अशा बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊ शकते, म्हणून तो मुद्दाम मापात ठेवलेला असतो.

मॉनिटर सारखा वाजतो. त्यातल्या बहुतेक वाजण्यांवर काहीच करावं लागत नाही: मूल हललं, बोटावरची पट्टी सैल झाली, तार निघाली. परिचारिका आधी मुलाकडे बघते, मग पडद्याकडे. आईबापांनीही हाच क्रम शिकून घ्यावा. रात्रभर आकड्यांवर डोळे लावून बसल्याने माणूस थकतो आणि हाती काही लागत नाही.

व्हेंटिलेटरची नळी तोंडातून किंवा नाकातून श्वासनलिकेत जाते ती स्वरतंतूंच्या मधून. म्हणून नळी असलेलं मूल रडलं तरी आवाज येत नाही. तोंड वेडंवाकडं होतं, डोळ्यांतून पाणी येतं आणि खोलीत फक्त यंत्राचा आवाज असतो. आईसाठी याहून कठीण दृश्य नसेल. आवाज कायमचा गेला असं तिला वाटतं. तसं नसतं, नळी निघाल्यावर तो बहुतेक वेळा परत येतो, काही दिवस घोगरा राहतो इतकंच. मूल गुंगीत असतं ते बहुधा औषधांमुळे, नळी सहन व्हावी म्हणून. चेहरा आणि हातपाय सुजतात ते सलाइनमुळे आणि आजारात रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपल्यामुळे. हात कापडाने हलके बांधलेले दिसतात ते गुंगीत मुलानं नळी ओढू नये म्हणून.

आणि डॉक्टरांचे शब्द. 'क्रिटिकल' म्हणजे जीवाला धोका आहे. 'स्टेबल' म्हणजे धोका टळला असं नव्हे. आत्ता आहे त्याहून बिघडत नाहीये, एवढंच. एकच मूल एका दिवशी क्रिटिकल आणि स्टेबल दोन्ही असू शकतं. 'अठ्ठेचाळीस तास महत्त्वाचे' हे वाक्य नातेवाइकांना ठोकळेबाज वाटतं, पण काही आजारांत ते अगदी मोजलेलं असतं. डेंग्यू घ्या. पावसाळ्यानंतर महाराष्ट्रातले पीआयसीयू डेंग्यूच्या मुलांनी भरतात. यात तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि नेमकं त्याच वेळी काही मुलांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो. पोट दुखतं, सतत उलट्या होतात, हातपाय गार पडतात, नाडी जलद पण क्षीण होते. हा काळ साधारण २४ ते ४८ तासांचा. त्यात सलाइन कमी पडली तर रक्तदाब कोसळतो, जास्त झाली तर फुफ्फुसांत पाणी होतं. म्हणून दर काही तासांनी तपासून ती कमीजास्त करावी लागते. हा काळ निभावला की मूल पाहता पाहता उठून बसतं. 'ताप उतरला म्हणून आम्ही निर्धास्त झालो' ही खंत हजारो आईबाप बाळगतात. ती खंत रास्त नाही. हा आजार तसाच फसवा आहे.

बाहेरचं बाकडं

विभागाच्या बाहेर एक वेगळंच जग असतं. लोखंडी बाकडी, चार्जरसाठी भांडणं, जमिनीवर अंथरलेली चादर, डबे, थर्मास. आतून परिचारिका डोकावते आणि विचारते, 'अमुकचे नातेवाईक कोण?' त्या हाकेला उठणारा माणूस दर वेळी एकाच भीतीनं उठतो आणि बहुतेक वेळा त्याच्या हातात औषधांची चिठ्ठी पडते.

आपल्याकडे या बाकड्यावर कामांची वाटणी आपोआप होते. बाप चिठ्ठ्या घेऊन पळतो: मेडिकल, रक्तपेढी, बिलाची खिडकी, विम्याचं टेबल. सह्या तोच करतो. ज्या कागदावर 'जीवितास धोका' असे शब्द आहेत त्यावर थरथरत्या हातानं सही करून तो खाली येतो आणि फोनवर सांगतो, 'बरंय, काळजी करू नका.' आई बसून राहते. टाके ओले, दूध दाटलेलं, कुशी रिकामी. घरी मोठं भावंड मावशीकडे किंवा आजीकडे टाकलेलं. त्याला कुणी नीट काही सांगत नाही, आणि आपण भांडलो म्हणून बाळ आजारी पडलं असं त्याला मनातून वाटत राहतं.

या बाकड्यावरचा सर्वांत जड बोजा अपराधाचा. 'आदल्या रात्रीच आणलं असतं तर?' 'त्या डॉक्टरकडे गेलोच नसतो तर?' प्रत्येक आईबापाच्या मनात हे चालू असतं. त्यात भर घालायला माणसं तयार असतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आईला 'पपई खाल्लीस का, ग्रहणात बाहेर गेली होतीस का' असं विचारलं जातं. अपुऱ्या दिवसांच्या जन्मामागे जंतुसंसर्ग, आईचा वाढलेला रक्तदाब, जुळी मुलं, गर्भाशयाच्या तोंडाचा दुबळेपणा अशी कारणं असतात आणि कितीतरी वेळा एकही ठोस कारण सापडत नाही. ग्रहण त्या यादीत कुठेच नाही. पण जिचं बाळ काचेच्या पेटीत आहे तिला वाद घालण्याचं त्राण नसतं. ती ऐकून घेते आणि खरं मानते.

दुसरा त्रास माहितीचा. सकाळचे डॉक्टर एक सांगतात, रात्रीचे दुसरं. दोघांचंही खरं असतं, कारण मधल्या बारा तासांत मूल बदललेलं असतं. पण ऐकणाऱ्याला ते एकमेकांना खोडणारं वाटतं. शिवाय घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात सांगितलेल्यातलं थोडंच राहतं. म्हणून एक साधी वही करावी. आज काय बदललं, पुढच्या दिवसभरात काय पाहायचं आहे आणि सर्वांत मोठी काळजी कशाची, हे तीन प्रश्न रोज एकाच ठरलेल्या वेळी, शक्यतो दोघांनी मिळून, विचारावेत आणि उत्तरं लिहून ठेवावीत. नातेवाइकांना निरोप देण्याचं काम एका काकावर किंवा मामावर सोपवावं. दिवसभरात चाळीस फोन घेण्याची ताकद आईबापांत नसते.

हाताचं औषध

आता मूळ मुद्दा. आईबाप आत आल्याने मुलाला खरोखर काही फायदा होतो का? या प्रश्नाची पहिली ठाम उत्तरं श्रीमंत देशांतून आली नाहीत. ती टंचाईतून आली.

१९७८ च्या सुमाराला कोलंबियातल्या बोगोटा शहरात एडगर रे हे बालरोगतज्ज्ञ अशा रुग्णालयात काम करत होते जिथे पेट्या कमी होत्या, एकेका पेटीत एकाहून जास्त बाळं ठेवावी लागत आणि जंतुसंसर्गाने ती दगावत. त्यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून, उभं बांधून ठेवायला सुरुवात केली. हीच कांगारू पद्धत. साधारण त्याच वर्षांत एस्टोनियातल्या टालिनमध्ये अदिक लेव्हिन यांच्या विभागात परिचारिका कमी पडल्या, म्हणून त्यांनी आयांनाच बाळांची देखभाल शिकवली. जंतुसंसर्ग वाढेल ही भीती होती. उलट तो घटला. बाळाला हाताळणारे परके हात कमी झाले, आईचं दूध जास्त मिळालं आणि आईच्या अंगावरचे ओळखीचे जंतू बाळाला मानवले. पुढे कॅनडाने याच धर्तीवर पद्धत आखली. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या २६ विभागांत तिची चाचणी झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की या बाळांची वजनं चांगली वाढली आणि आईबापांचा ताण कमी झाला.

सर्वांत महत्त्वाचा पुरावा २०२१चा आहे आणि त्यात भारत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत या पाच देशांत एक मोठी चाचणी घेतली. भारतातलं केंद्र दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं. एक किलो ते १.७९९ किलो वजनाची तीन हजारांवर बाळं तीत होती. तोवर कांगारू पद्धत बाळ स्थिर झाल्यावर सुरू करत. इथे निम्म्या बाळांना जन्मानंतर लगेच, अजून स्थिर झालेली नसतानाच, आईच्या छातीशी दिलं. त्यासाठी आईची खाट अतिदक्षता विभागातच टाकली आणि आई-बाळ दोघांवर एकाच खोलीत उपचार केले. पहिल्या २८ दिवसांत नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के बाळं दगावली. लगेच छातीशी दिलेल्यांत १२ टक्के. म्हणजे मृत्यू जवळपास एक चतुर्थांशाने घटले. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी आधीच थांबवावी लागली. २०२२ मध्ये संघटनेने शिफारस बदलली: जीव धोक्यात असलेली काही बाळं सोडता कांगारू पद्धत जन्मानंतर लगेच सुरू करावी.

आईच्या दुधाचंही असंच. बाळ पेटीत असताना आईला करता येण्याजोगं मोठं काम म्हणजे दूध काढून देणं. बाळंतपणानंतर पहिल्या काही तासांतच सुरुवात करावी आणि रात्र धरून दिवसातून आठ वेळा काढत राहावं. सुरुवातीला चमचाभरही निघत नाही. ते थेंबही बाळासाठी मोलाचे असतात. जिला दूध येतच नाही तिच्या बाळासाठी मातृदुग्धपेढी असते. आशियातली पहिली अशी पेढी मुंबईत, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली.

मोठ्या मुलांबाबत चित्र थोडं वेगळं आहे. पीआयसीयूतल्या सुमारे पाव मुलांना 'डिलिरियम', म्हणजे भ्रम होतो. दिवस-रात्र कळत नाही, माणसं ओळखू येत नाहीत, मूल घाबरून ओरडतं किंवा शून्यात बघत बसतं. आईबापांना वाटतं, मेंदूवर परिणाम झाला. बहुतेकदा तो आजाराचा, गुंगीच्या औषधांचा आणि झोपमोडीचा तात्पुरता परिणाम असतो. त्यावर उपाय सोपे आहेत: दिवसा उजेड, रात्री अंधार, घरचा आवाज, ओळखीचं पांघरूण, चष्मा असेल तर तो लावणं. यातला घरचा आवाज कोणत्याही मेडिकलमध्ये मिळत नाही. व्हेंटिलेटरवरच्या मुलाशीही बोलावं, त्याच्या नावानं हाक मारावी, आज कोणता वार आहे ते सांगावं, रोजची गोष्ट सांगावी. हात कुठे ठेवायचा हे परिचारिकेला विचारावं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला कुरवाळू नये, त्याने ते दचकतं. एक तळवा डोक्यावर आणि एक पायांवर, न हलवता, ठेवावा.

आईबापांना शिकवलं तर काय होतं याचीही परीक्षा झाली आहे. अमेरिकेत बर्नाडेट मेलनिक यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या २६० कुटुंबांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळ कसं दिसेल, कसं वागेल, आपण काय करायचं, हे आईबापांना सुरुवातीच्या दिवसांतच ध्वनिफिती आणि पुस्तिकांतून समजावलं होतं. या आयांची चिंता कमी झाली आणि त्यांची बाळं विभागातून सरासरी जवळपास चार दिवस आधी बाहेर पडली. भारतात दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात कुटुंबाच्या सहभागाचा असा प्रयोग झाला. जंतुसंसर्ग वाढला नाही, स्तनपान वाढलं. त्याच्या आधारे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ मध्ये सरकारी नवजात शिशू कक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: आईबापांना हात धुणं, भरवणं, कांगारू पद्धत आणि धोक्याची लक्षणं शिकवा आणि आत येऊ द्या. सूचना सरकारी कक्षांसाठी आहेत. भरमसाठ बिल लावणाऱ्या अनेक खासगी विभागांत मात्र अजून दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं, एवढीच भेट मिळते.

घरी आल्यावर

डिस्चार्ज मिळाला की सगळे पेढे वाटतात आणि आईबापांनी आता आनंदात असावं अशी अपेक्षा करतात. पण पीआयसीयूतून बाहेर पडलेल्या मुलांच्या आईवडिलांपैकी दहा ते वीस टक्क्यांना नंतरच्या महिन्यांत आघातोत्तर मनोविकार होतो, असं वेगवेगळ्या अभ्यासांत आढळलं आहे. अपघातातून किंवा युद्धातून वाचलेल्यांना होतो तोच. मायक्रोवेव्हचा बीप ऐकून छातीत धडधडतं. रात्री चार वेळा उठून मुलाच्या नाकाशी बोट धरून पाहिलं जातं. त्या रुग्णालयावरून जाणारा रस्ता टाळला जातो. थोडा खोकला झाला की पुन्हा दाखल करण्याची घाई. ही लक्षणं आजार किती गंभीर होता यापेक्षा आईबापांना तो किती गंभीर वाटला होता, यावर जास्त अवलंबून असतात. म्हणून 'आता झालं ना बरं, विसर' असं म्हणून ती जात नाहीत. महिना उलटूनही झोप, भूक, काम यांवर परिणाम राहिला तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. आईइतकंच हे बापालाही लागू आहे. तो बहुधा सांगत नाही, एवढाच फरक.

मुलंही बदललेली असतात. स्नायू अशक्त, झोप विसकटलेली, पांढरा कोट दिसला की आकांत, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू. काही मुलं अभ्यासात मागे पडतात. यासाठी मुलाला रागावू नये आणि शाळेला कल्पना द्यावी. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची डोळ्यांची आणि कानांची तपासणी ठरलेल्या तारखेलाच करावी. डोळ्यांच्या बाबतीत दोन आठवड्यांचा उशीरही दृष्टी घालवू शकतो.

आणि काही मुलं घरी येत नाहीत. तिथेही आईबापांना आत घेणं हाच न्याय आहे. शेवटच्या घटकेला मूल त्यांच्या मांडीवर असावं, नळ्या शक्य तितक्या काढाव्यात, त्यांना मुलाला न्हाऊ घालायचं असेल, पायाचा ठसा घ्यायचा असेल तर वेळ द्यावा. घाईने गुंडाळून हाती दिलेल्या देहाची आठवण माणसाला जन्मभर छळते.

कागद, पैसा आणि हक्क

या काळात कर्ज काढण्याआधी तीन गोष्टी माहीत असाव्यात. पहिली, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम: २०११पासून सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या, रक्त आणि वाहतूक मोफत आहे, ही सवलत पुढे एक वर्षापर्यंतच्या बाळांना लागू झाली. दुसरी, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना: अंगीकृत खासगी रुग्णालयांतही ती चालते. तिचं संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत नेण्याचा आणि राज्यातल्या सर्व कुटुंबांना देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल शोधावं आणि दाखल होतानाच विचारावं. तिसरी, धर्मादाय रुग्णालयं: कायद्यानुसार त्यांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात.

विचारण्याचा हक्क पैशांपुरता नाही. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. बंद दाराआड आपलं मूल सोपवणाऱ्याला आत रात्री किती परिचारिका असतात, आग लागली तर काय व्यवस्था आहे, हे विचारता आलं पाहिजे, आणि विचारणाऱ्याकडे 'भांडखोर नातेवाईक' म्हणून बघितलं जाऊ नये.

डॉक्टर आणि परिचारिकांची बाजूही आहे. एकेका परिचारिकेकडे झेपतील त्याहून जास्त मुलं असतात, आणि काही वाईट घडलं की जमाव अंगावर येण्याची भीती असते. पण दार बंद ठेवून ही भीती कमी होत नाही, संशय वाढतो. रोज दोनदा आत येऊन डॉक्टरांचे प्रयत्न डोळ्यांनी पाहिलेला बाप सहसा काचा फोडत नाही.

म्हणून दोन विनंत्या. रुग्णालयांनी सुरुवात लहान करावी: हात धुवायला बेसिन, खाटेजवळ एक खुर्ची, आईला रात्री टेकायला जागा आणि डॉक्टरांची आईबापांशी बोलण्याची रोजची ठरलेली वेळ. यांतल्या कशालाही नवं यंत्र लागत नाही. आणि आपण नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी, कारणं विचारू नयेत, दुसऱ्याच्या मुलाचं काय झालं ते सांगू नये, आत डोकावण्याचा हट्ट धरू नये. डबा द्यावा, मोठ्या भावंडाला शाळेतून आणावं, रक्त द्यावं, एक रात्र बाकड्यावर आपण बसावं. आईबापांचे हात दुसऱ्या कामांतून मोकळे करून ते मुलापर्यंत पोचवणं, एवढं काम बाहेरच्यांचं आहे.